एका थेंबात किती तपासण्या होतात?

प्रश्न : बोटाला टोचून काढलेला रक्ताचा एक थेंब मायक्रोफ्लुइडिक चिपवर ठेवला की सगळ्या तपासण्या होतात, असे वाचले. माझ्या आईला मधुमेह आहे आणि रक्त घेताना तिची शीर लवकर सापडत नाही, म्हणून विचारते. असे यंत्र खरोखर आहे का?

उत्तर : सगळ्या तपासण्या करणारे यंत्र नाही. काही तपासण्या मात्र थेंबभर रक्तावर उत्तम होतात, आणि त्यांपैकी एक आपल्या घरी होतही असेल : ग्लुकोमीटरची पट्टी साधारण एक मायक्रोलीटर किंवा त्याहूनही कमी रक्त केशाकर्षणाने स्वतःच ओढून घेते.

मायक्रोफ्लुइडिक चिपमध्ये काचेत किंवा प्लास्टिकमध्ये केसाच्या जाडीच्या वाहिन्या कोरलेल्या असतात. इतक्या अरुंद वाहिनीत द्रव घुसळला जात नाही. दोन प्रवाह शेजारी-शेजारी सोडले तर ते समांतर वाहतात आणि रेणू एकातून दुसऱ्यात जातात ते केवळ विसरणाने, म्हणजे आपोआप हळूहळू पसरत. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे पाण्यातील लहान रेणूला १ सेंटीमीटर पसरायला १४ तासांच्या आसपास लागतात, तर १०० मायक्रोमीटरसाठी सुमारे ५ सेकंद पुरतात. चिपचा वेग येतो तो इथून.

परंतु जे थेंबात नाहीच, ते चिप कोठून आणणार? एका मायक्रोलीटर रक्तात सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात, त्यामुळे पेशींची मोजणी किंवा हिमोग्लोबिन थेंबात सहज मोजता येते. एखादा विषाणू मात्र दर मिलीलीटरला ५० इतकाच असेल, तर २० मायक्रोलीटरच्या थेंबात तो सरासरी एक भरतो, आणि अशा दर तीन थेंबांपैकी सुमारे एकात तो अजिबात नसतो. यंत्र कितीही संवेदनशील असले तरी त्या रिकाम्या थेंबाचा निकाल चुकीचाच येणार. शिवाय बोट दाबून काढलेल्या रक्तात ऊतींमधला द्रव मिसळतो, तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांतले पोटॅशियम बाहेर पडून आकडा खोटा वाढतो. अमेरिकेत २००३ साली स्थापन झालेल्या थेरानोस कंपनीने थेंबभर रक्तावर शेकडो तपासण्यांचे आश्वासन दिले होते. ते पोकळ ठरले, २०१८ मध्ये कंपनी बंद झाली आणि तिच्या संस्थापिकेला २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरवण्यात आले. या प्रकरणामुळे संपूर्ण शास्त्रच संशयास्पद मानले जाते, हे मला अन्यायाचे वाटते.

प्रामाणिक मार्ग कसा असतो, याचे उदाहरण गोव्यातील मोल्बिओ कंपनीच्या ट्रूनॅट या क्षयरोग तपासणीत दिसते. तिच्यात सुमारे अर्धा मिलीलीटर थुंकी घेऊन त्यातील जंतूंचा डीएनए आधी वेगळा केला जातो आणि मगच त्या शुद्ध द्रवाचे ६ मायक्रोलीटर चिपवर सोडले जातात. यंत्र बॅटरीवर चालत असल्याने ते प्राथमिक आरोग्य केंद्रातही वापरता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये या तपासणीची शिफारस केली.

आईंच्या बाबतीत, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी बोटाच्या रक्तावर होते का, हे प्रयोगशाळेत अवश्य विचारा. पोटॅशियमसाठी मात्र शिरेतलेच रक्त द्यावे. त्या वेळी लहान मुलांसाठीची बारीक सुई मागता येते.

प्रश्न : नॅनोफ्लुइडिक म्हणजे याचीच आणखी लहान आवृत्ती का?

उत्तर : केवळ तेवढेच नाही. वाहिनी काही नॅनोमीटरची झाली की तिच्या भिंतींवरील विद्युतभाराचा प्रभाव संपूर्ण द्रवावर पडू लागतो आणि रेणू एकेकटे हाताळता येतात. सुमारे दीड नॅनोमीटरच्या प्रथिन-छिद्रातून डीएनएचा एकेरी धागा ओढता येतो आणि तो जाताना छिद्रातला विद्युतप्रवाह घटतो, हे १९९६ मध्ये दाखवले गेले. याच तत्त्वावरचे खिशात मावणारे मिनआयन उपकरण २०१५ मध्ये गिनी देशात इबोलाचा जनुकक्रम वाचण्यासाठी वापरले गेले. तिथेही विषाणूच्या जनुकीय द्रव्याच्या असंख्य प्रती आधी पीसीआरने तयार कराव्या लागल्या होत्या.