व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला व्यायाम कशासाठी?

प्रश्न : माझे वडील (वय ६७) तीव्र न्यूमोनियामुळे पुण्यातील एका रुग्णालयात २६ दिवसांपासून व्हेंटिलेटरवर आहेत. बाराव्या दिवशी गळ्याला छेद देऊन ट्रॅकिऑस्टॉमीची नळी बसवली. आता ते शुद्धीवर आहेत, आम्हाला ओळखतात. फिजिओथेरपिस्ट त्यांना रोज पलंगाच्या कडेला बसवत, तेव्हा त्यांना घाम फुटे आणि धाप लागे. ते पाहवेना म्हणून आईने चार दिवसांपूर्वी व्यायाम थांबवायला लावला. एवढ्या आजारी माणसाला विश्रांती द्यायची की दमवायचे? त्यांचे मशीन सुटेल का? ते पुन्हा बोलतील का?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : आईंना जे वाटले ते स्वाभाविक आहे. आजारपणात पडून राहावे, अंगाला ताण देऊ नये, हे आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले आहे. तरीही उद्या सकाळी डॉक्टर राउंडला येतील तेव्हा व्यायाम पुन्हा सुरू करण्याविषयी त्यांच्याशी बोला, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

व्हेंटिलेटर हवा आत ढकलतो, त्यामुळे श्वास घेण्याचे मुख्य काम करणाऱ्या श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला, काम उरत नाही; आणि हा स्नायू फार लवकर खंगतो. २००८ साली अमेरिकेतील संशोधकांनी मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाची तपासणी केली, तेव्हा अवघ्या १८ ते ६९ तासांच्या पूर्ण निष्क्रियतेने त्याचे तंतू निम्म्याहून अधिक बारीक झालेले आढळले. हाच नियम मांड्यांना आणि पाठीलाही लागू पडतो. न्यूमोनिया ओसरल्यावरही मशीन सुटत नाही, त्यामागे पुष्कळदा ही अशक्तता असते.

आता कडेला बसवण्याविषयी. आधी सिस्टर सक्शन करून नळीतला कफ काढतात. व्हेंटिलेटरच्या नळ्या ताणल्या जाणार नाहीत अशा सैल सोडून एक जण ट्रॅकिऑस्टॉमीजवळ हात धरून उभा राहतो. दुसरा रुग्णाला कुशीवर वळवून, पाय खाली सोडून, पाठीमागून आधार देत बसवतो. पावले स्टुलावर नीट टेकली पाहिजेत, लोंबकळता कामा नयेत. पहिली दोन-तीन मिनिटे श्वास भराभर चालतो, मान खाली जाते. मग बहुतेक वेळा श्वास हळूहळू जागेवर येतो, आणि महिनाभर छताकडे पाहणारा माणूस समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाहतो. बसल्याने फुप्फुसांचे तळ उघडायला आणि कफ सुटायला मदत होते. नुसत्या घामावरून व्यायाम बंद करत नाहीत. पण ऑक्सिजन ८८-९० टक्क्यांच्या खाली जाऊ लागला, रक्तदाब घसरला, नाडी अनियमित झाली, छातीत दुखू लागले किंवा काही मिनिटांनंतरही धाप बसेना, तर लगेच आडवे करतात.

जास्त व्यायाम म्हणजे जास्त फायदा, असेही नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ७५० रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत नेहमीपेक्षा जोरकस हालचाली करून घेतलेल्या गटाला अधिक लाभ झाला नाही, उलट त्रासाच्या घटना वाढल्या. म्हणून मात्रा रोज सकाळी रुग्णाकडे पाहून ठरवावी लागते. आईंची काळजी या बाबतीत उपयोगाची आहे, “आज किती वेळ, आणि कशावरून थांबणार?” हे त्यांनी जरूर विचारावे.

मशीन सुटेल का, याचे वचन दुरून देता येणार नाही. मात्र ट्रॅकिऑस्टॉमी असलेल्या आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ मशीनवर असलेल्या रुग्णांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसा ठरावीक वेळ मशीन काढून गळ्यावरच्या मास्कमधून ऑक्सिजन देत स्वतः श्वास घ्यायला लावलेल्या गटाचे मशीन साधारण १५ दिवसांत सुटले. मशीनचा आधारच टप्प्याटप्प्याने कमी केलेल्या गटाला १९ दिवस लागले. हे वेळापत्रक तुमच्या वडिलांसाठी आखले आहे का, ते विचारा. रात्री पुन्हा मशीन लावले तर ती माघार समजू नका. दिवसभर राबलेल्या स्नायूंना झोप हवी असते. पोटात पुरेसे प्रथिन जाते आहे ना, हे आहारतज्ज्ञांकडून पाहून घ्या.

बोलण्याचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नळीभोवतीचा फुगा फुगलेला असताना हवा स्वरयंत्रापर्यंत पोचत नाही, म्हणून आवाज फुटत नाही. प्रकृती स्थिर असेल तर फुगा पूर्ण रिकामा करून नळीवर एकेरी झडप बसवता येते; श्वास नळीतून आत येतो आणि बाहेर जाताना स्वरयंत्रातून जातो. डेव्हिड मुइर या अमेरिकी तरुणाने, स्नायूंच्या आजारामुळे स्वतः व्हेंटिलेटरवर असताना, १९८०च्या दशकात अशी झडप घडवली. फुगा भरलेला असताना ही झडप लावली तर उच्छ्वास कोंडतो, म्हणून ती फक्त प्रशिक्षित माणसानेच लावावी.

तोवर एका जाड पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहा : पाणी, कफ काढा, कूस बदला, दुखते, भीती वाटते. खाली मुळाक्षरे लिहा. वडिलांना चष्मा असेल तर तो आधी घाला, मगच पुठ्ठा समोर धरा. आणि त्यांना कडेला बसवतील तेव्हा आईंना बाहेर न थांबवता समोरच्या खुर्चीत, त्यांच्या नजरेच्या उंचीवर बसू द्यावे, अशी विनंती सिस्टरांना करा.