वाचक विचारतात : ॲनालॉग आणि डिजिटल वॉकीटॉकी एकमेकांशी बोलतील का?

प्रश्न : विसर्जन मिरवणुकीत आमच्या कार्यकर्त्यांकडे ॲनालॉग यूएचएफ (एक रेडिओपट्टा) वॉकीटॉकी असतात, वैद्यकीय पथकाकडे डीएमआर या पद्धतीचे डिजिटल सेट आणि मदत केंद्रावर एसआयपी, म्हणजे डेटा नेटवर्कवर चालणारे, फोन. कुणाचं कुणाला ऐकू जात नाही. विक्रेता म्हणतो, सगळे सेट एकाच कंपनीचे घ्या. दुसरा मार्ग आहे का?
— एक वाचक, कसबा पेठ, पुणे

उत्तर : आहे, आणि तोच बरा. आज सगळं एका कंपनीचं घेतलंत, तरी पुढच्या वर्षी एखादं नवं पथक वेगळेच सेट घेऊन येणार. म्हणून आधी सांधे, म्हणजे दोन यंत्रणा जिथे जुळतात त्या जागा, ठरवा. रेफरन्स आर्किटेक्चर म्हणजे या सांध्यांचाच नकाशा : खाली सेट आणि रेडिओ, मधे गेटवे (रेडिओचा आवाज नेटवर्कवर आणि उलट नेणारी पेटी), वर कॉल जोडणारा सर्व्हर, त्यावर मदत केंद्र. दोन थरांमधल्या प्रत्येक रेघेवर लिहा, इथून काय जाणार आणि कोणत्या सर्वमान्य स्टँडर्डने. गेटवे ते सर्व्हर हे सोपं आहे : कॉल जोडायला एसआयपी, आवाज वाहून न्यायला आरटीपी, आणि आवाजाचे आकडे करणारा कोडेक जी.७११. जिथे स्टँडर्डऐवजी कंपनीचं नाव लिहावं लागेल, तिथेच पुढे अडणार.

जी.७११ जुना आणि फुगीर, पण सगळ्यांकडे असतो. २० मिलिसेकंदांच्या पॅकेटमध्ये १६० बाइट आवाज आणि ४० बाइट हेडर (पत्ता वगैरे माहिती); सेकंदाला ५० पॅकेट, म्हणजे एका दिशेला ८० किलोबिट. ही जोडणी वायरनेच करा. लक्ष्मी रोडवर ऐन गर्दीत मोबाइल डेटावर विसंबू नये.

गेटवेला प्रत्येक पद्धतीचा एक सेट कायमचा जोडतात. तो डोनर सेट. त्याच्या पाच वायरी : माइककडे जाणारा आवाज, स्पीकरचा आवाज, पीटीटी (बोलताना दाबायचं बटण), ग्राउंड आणि 'चॅनेलवर कुणीतरी आहे' हे सांगणारी सीओआर. पुष्कळ जण ही पाचवी वायर वाचवून व्हॉक्सवर भागवतात, आणि तीच काटकसर नडते. व्हॉक्स आवाज ऐकल्यावर पीटीटी दाबतो. तोवर पहिला शब्द गेलेला असतो. 'नका सोडू दोर'मधला 'नका' गिळला गेला, तर पलीकडे काय पोहोचलं बघा! शिवाय व्हॉक्सला ढोल-ताशाही माणसाचाच आवाज वाटतो. सीओआर असली तरी बटण दाबून सेकंदभर थांबूनच बोलायची सवय लावा.

दुसरी अडचण अँटेनांची. एक डोनर ऐकत असतानाच दुसरा प्रक्षेपण करतो. दोघेही यूएचएफवर आणि अँटेना शेजारी असतील, तर ऐकणाऱ्याचा रिसीव्हर बहिरा होतो. एक अँटेना दुसरीच्या वर, निदान तीन मीटर अंतराने लावा. ॲनालॉग डोनरवर सीटीसीएसएस टोन, म्हणजे आपल्या सेटची ओळख पटवणारा खालच्या पट्टीचा स्वर, ठेवा. नाहीतर परक्या सिग्नलनेही सीओआर उघडते. दोन्ही डोनरना ६० सेकंदांचा टाइमआउट द्या, म्हणजे एखादा सेट अडकला तरी सगळं जाळं कोंडणार नाही.

गेटवेतून फक्त आवाज पार होतो. डीएमआरचा कॉलर आयडी आणि तातडीचं बटण ॲनालॉग बाजूला पोहोचत नाहीत. त्यामुळे 'अलका चौकातून बोलतोय' असं ठिकाण तोंडानेच सांगायचं, आणि सांकेतिक आकडे टाळायचे. प्रत्येक पथकाचे आकडे निराळे असतात.

पोलिसांचं जाळं गेटवेला जोडायच्या फंदात पडू नका. त्यासाठी मदत केंद्रावर निरोप देणारा एक माणूस बसवा. केंद्राच्या दूरसंचार विभागातल्या डब्ल्यूपीसी शाखेच्या परवान्यातल्या फ्रिक्वेन्सी आणि अटी खरेदीआधीच तपासा. चाचणी मात्र शांत खोलीत नको, ढोलपथकाच्या सरावाशेजारी उभं राहून घ्या.