वाचकांचे प्रश्न : नवी नोकरी लागली, आता चान्स कधी घ्यावा?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझे वय ३२ आहे आणि पतींचे ३४. लग्नाला चार वर्षे झाली असून आम्ही चिंचवडला सासूबाईंसोबत राहतो. या वर्षी चान्स घ्यायचा असे आमचे ठरले होते; पण मध्येच खराडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत चांगली नोकरी चालून आली आणि २ जूनला मी तेथे रुजू झाले. सहा महिने प्रोबेशन आहे. वर्ष पूर्ण झाल्याशिवाय बाळंतपणाची रजा मिळत नाही, असे ऑफिसातील एक मैत्रीण सांगते. सासूबाई तोंडाने काही बोलत नाहीत, पण शेजारच्या सुनेचे डोहाळजेवण झाले त्या रात्री त्या न जेवताच झोपल्या. हे म्हणतात, ‘तू म्हणशील तसे करू.’ स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी रोज पेन्सिलीने महिने मोजते आणि खोडते : एप्रिलमध्ये अप्रेझल असते, मे महिन्याचा उन्हाळा नको वाटतो, आणि दिवाळीनंतर प्रोजेक्ट लाइव्ह जायचा आहे. मला थायरॉइडची गोळी चालू आहे. रुजू होताच दिवस राहिले तर कंपनीला फसवल्यासारखे होईल का? आम्ही नेमके किती थांबावे?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : तुमच्या पत्रात चार वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. त्यांतला सर्वांत सोपा प्रश्न कायद्याचा आहे आणि नेमक्या त्याच बाबतीत तुम्हाला चुकीची माहिती मिळाली आहे, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करते.

एक वर्षाची अट कायद्यात नाही. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा आणि त्यातील २०१७ ची दुरुस्ती यांनुसार, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या आस्थापनेत किमान ८० दिवस काम झालेले असले, की पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. हे ८० दिवस मोजताना पगारी सुट्ट्याही धरल्या जातात. नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याच्या जागी लागू झालेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ही ८० दिवसांची आणि २६ आठवड्यांची तरतूद तशीच ठेवली आहे. प्रोबेशनवर असलेली आणि कायम झालेली असा भेद यात कोठेही केलेला नाही.

आता तुमचेच कॅलेंडर समोर घ्या. गर्भारपणाचे ४० आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. समजा रुजू झालात त्याच दिवशी, २ जूनला, तुमची पाळी आली असती आणि त्याच महिन्यात दिवस राहिले असते, तर प्रसूतीची तारीख ९ मार्चच्या सुमारास आली असती आणि तोवर ८० दिवस केव्हाच भरले असते. म्हणजे नोकरीच्या पहिल्या महिन्यात गर्भ राहिला तरीही साधारणपणे रजेचा हक्क बुडत नाही. काहीजणींचे काम रुजू होण्याआधीच दिवस राहिल्यामुळे अडते. तुमच्या बाबतीत तो प्रश्न उद्भवतच नाही. रजेतला पगारही रजेवर जाण्यापूर्वीच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर ठरतो, त्यामुळे नव्या नोकरीतला वाढीव पगारच त्यासाठी धरला जाईल.

दुसरा प्रश्न शरीराचा आहे. येथे मला तुमच्या पेन्सिलीविषयी थोडे बोलायचे आहे. तुम्ही बाळाच्या जन्माचा महिना ठरवू पाहत आहात. पण तुमच्या हातात आहे तो फक्त प्रयत्न सुरू करण्याचा महिना. अगदी निरोगी, तरुण जोडप्यातही एखाद्या महिन्यात दिवस राहण्याची शक्यता चारांत किंवा पाचांत एक एवढीच असते. वर्षभर प्रयत्न केल्यावर शंभरांतल्या ऐंशीहून अधिक जोडप्यांना यश येते, पण ते पहिल्या महिन्यात येईल की अकराव्या, हे कोणताही डॉक्टर आधी सांगू शकत नाही. मे महिना टाळून जून साधायचा हे गणित कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात ते दोन-तीन महिने फसले की घरात विनाकारण ताण सुरू होतो. मी एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात वीस वर्षे काढली. अप्रेझल चुकू नये म्हणून एक वर्ष थांबलेल्या आणि नंतर तीन वर्षे दवाखान्यांच्या पायऱ्या चढलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. थांबल्यामुळेच तसे झाले, असा माझा दावा नाही. पण त्यांतल्या एकीलाही नंतर ते अप्रेझल आठवत नव्हते.

बत्तिसाव्या वर्षी घाबरण्याचे कारण नाही, तसेच तीन-चार वर्षे बिनधास्त लांबवण्याचेही हे वय नाही. तिशी ओलांडल्यावर गर्भधारणेची क्षमता हळूहळू आणि पस्तिशीनंतर अधिक वेगाने घटते. म्हणूनच पस्तिशीच्या आत असलेल्यांनी वर्षभर आणि पस्तिशीपुढील स्त्रियांनी सहा महिने प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर तपासणी करून घ्यावी, असा संकेत आहे. पुढेमागे दुसरे मूल हवे असेल तर तेही आजच्या हिशेबात धरायला हवे.

प्रयत्नांचा महिना कोणताही ठरवा, पण तयारी या आठवड्यात सुरू करा. स्त्रीरोगतज्ज्ञांना एकदा भेटून हिमोग्लोबिन, साखर, रक्तगट आणि थायरॉइड तपासून घ्या. थायरॉइडची पातळी गर्भ राहण्याआधीच आटोक्यात असणे महत्त्वाचे आहे. शिवाय दिवस राहिल्यावर गोळीचा डोस बहुधा वाढवावा लागतो, त्यामुळे पाळी चुकली की वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचे, हे आताच ठरवून ठेवा. फॉलिक अॅसिडची गोळी गर्भधारणेच्या निदान एक महिना आधीपासून घ्यायची असते, कारण बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची घडण पहिल्या काही आठवड्यांत, अनेकदा आईला कळण्याआधीच, सुरू झालेली असते. तिचा नेहमीचा डोस रोज ४०० मायक्रोग्रॅम असला तरी तुम्हाला किती लागेल ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी निदान तुमच्यापैकी एकाची तरी करून घ्यावी. रुबेलाची (जर्मन गोवराची) लस राहिली असल्यास ती घेतल्यानंतर एक महिना गर्भधारणा टाळावी लागते, म्हणून ते काम आधी उरकलेले बरे.

आता ‘फसवल्यासारखे होईल का’ या प्रश्नाकडे वळते, कारण माझ्या मते तुमचे पत्र याच प्रश्नासाठी लिहिले गेले आहे. माझ्या केबिनमध्ये अशी बातमी सांगायला येणाऱ्या मुली दार अगदी हलक्या हाताने लोटायच्या. सोनोग्राफीची फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली असायची आणि पहिले वाक्य ठरलेले असायचे : ‘मॅडम, सॉरी, पण...’ माफी कशाची, हे मला कधी समजले नाही. त्याच खुर्चीत बसून दुसऱ्या कंपनीत जाण्यासाठी राजीनामा देणारे पुरुष आणि बायका असे ‘सॉरी’ म्हणत नसत, आणि ते तर कायमचे जात होते. कामावर घेताना तुमच्याकडून पुढची दोन वर्षे आई न होण्याचे वचन कोणी घेतलेले नाही, आणि घेतले असते तरी त्याला अर्थ नव्हता. बाळंतपणाची रजा ही साहेबांची मेहेरबानी नसून पगाराइतकाच तो तुमचा हक्क आहे. आपण चान्स घेत आहोत हे ऑफिसात कोणालाही सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही. दिवस राहिल्यावर बहुतेकजणी तीन महिने उलटल्यानंतर सांगतात. तुमचा प्रवास किंवा उलट्या यांमुळे काम अडत असेल तर थोडे आधी सांगितलेले सोयीचे पडते. सांगताना थेट वरिष्ठांना सांगा आणि मनुष्यबळ विभागाला त्याच दिवशी ईमेल पाठवा, म्हणजे तारीख लेखी राहील. तुमच्या जागी कोण, काय सांभाळेल याची टिपणे पुढच्या महिन्यांत नीट तयार केलीत, की कंपनीविषयीचे तुमचे कर्तव्य पुरे झाले.

एक कटू बाबही लिहिते. गर्भारपणाच्या किंवा त्यासाठीच्या रजेच्या कारणावरून कामावरून काढणे बेकायदा असले तरी प्रोबेशनवरच्या माणसाला ‘काम समाधानकारक नाही’ असे म्हणणे कंपनीला सोपे जाते. म्हणून या सहा महिन्यांत कामाबद्दल मिळालेले चांगले अभिप्राय, वरिष्ठांचे ईमेल आणि पार पडलेल्या जबाबदाऱ्या यांची स्वतःजवळ नोंद ठेवा.

कंपनीच्या समूह आरोग्य विम्याचे पुस्तकही शांतपणे वाचून काढा. प्रसूतीसाठी प्रतीक्षाकाळ (विमा सुरू झाल्यावर लाभ मिळेपर्यंत थांबण्याचा काळ) आहे का, खर्चाची कमाल मर्यादा किती आहे, आणि बाळाचे नाव जन्मानंतर किती दिवसांत नोंदवायचे, या तीन गोष्टी त्यात पाहायच्या. समूह विम्यात हा प्रतीक्षाकाळ पुष्कळदा माफ असतो. वैयक्तिक पॉलिसीत मात्र तो काही महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत असू शकतो. पहिले बाळंतपण माहेरी करण्याचा विचार असेल तर माहेरच्या गावातले कोणते रुग्णालय विमा कंपनीच्या यादीत आहे, हेही आधी बघा. २६ आठवड्यांपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात आणि माहेरी लवकर गेलात तर बाळासोबतचे तेवढे आठवडे कमी होतात. ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते, तेव्हा तुमच्या कंपनीने ती कोठे केली आहे याचीही चौकशी करून ठेवा.

तुमच्या पतींच्या वाक्याविषयी थोडेसे. ‘तू म्हणशील तसे करू’ हे ऐकायला प्रेमळ वाटते, पण त्यामुळे सगळा विचार, सगळी मोजणी आणि उद्या काही बिनसले तर सगळा दोष तुमच्या एकटीच्या पदरात पडतो. खासगी नोकरीतल्या वडिलांना रजा देणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही, म्हणून त्यांच्या कंपनीत किती दिवस मिळतात हे त्यांनी स्वतः विचारून यावे. ते सिगारेट किंवा तंबाखू घेत असतील तर ती त्यांनी आतापासून सोडावी, आणि रात्री न जेवता झोपलेल्या आईशी बोलण्याचे कामही त्यांचेच आहे.

नेमके किती थांबावे, असे तुम्ही विचारले आहे. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये तपासण्या उरकाव्यात, ऑफिसचे काम हाती घ्यावे आणि ऑक्टोबरपासून प्रयत्न सुरू करावेत, असे मी सुचवीन. अगदी पहिल्याच महिन्यात यश आले तरी प्रसूती जुलैत येईल, प्रोबेशन डिसेंबरच्या सुरुवातीला संपलेले असेल आणि अप्रेझललाही तुम्ही हजर असाल. हे दोन महिने मी कायद्यासाठी किंवा कंपनीसाठी सुचवत नाही. थायरॉइडची पातळी जुळावी, आणि चिंचवड ते खराडी या रोजच्या बसप्रवासाची सवय पहिल्या तीन महिन्यांच्या मळमळीआधी अंगवळणी पडावी, एवढ्यासाठीच सुचवते. तपासण्या लवकर झाल्या आणि डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला, तर सप्टेंबरलाही माझी हरकत नाही. तुमचे वय ३६ असते तर मी हे दोन महिनेही थांबायला सांगितले नसते.

प्रश्न : मी एका रुग्णालयात अकरा महिन्यांच्या करारावर परिचारिका आहे. नोकरीला आठ महिने झाले आणि मला पाचवा महिना चालू आहे. करार संपल्यावर रजा मिळणार नाही, असे कार्यालयातून तोंडी सांगितले गेले. खरे काय?
— एक वाचक, लातूर

उत्तर : तोंडी सांगितलेले मानू नका. तुमचे ८० दिवस कधीच भरले आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीतील एका कंत्राटी डॉक्टरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की पात्रता एकदा पूर्ण झाली की मातृत्व लाभ कराराच्या मुदतीपलीकडेही द्यावा लागतो. तुमचे तीन महिने अजून शिल्लक आहेत, तेव्हा रजेचा लेखी अर्ज डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह करार चालू असतानाच द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. तुमचा पगार दरमहा २१,००० रुपयांपर्यंत असून राज्य कामगार विम्याची कपात होत असेल, तर हा लाभ रुग्णालयाऐवजी त्या योजनेतून मिळतो आणि त्यासाठी आधीच्या लागोपाठच्या दोन अंशदान कालावधींत (सहा-सहा महिन्यांच्या टप्प्यांत) मिळून ७० दिवसांचे अंशदान लागते. म्हणून पगाराची पावती आधी तपासा. अर्ज घ्यायलाच नकार मिळाला, तर तो स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवा आणि जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात तक्रार नोंदवा.