वय वाढलं की ताण पूर्वीसारखा का सोसवत नाही? यात हार्मोन्सचा काही संबंध असतो का?

हो, असतो. मुख्य हार्मोन म्हणजे ताण आला की वाढणारं कॉर्टिसॉल. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी ते बनवतात. जाग आल्यावर साधारण अर्ध्या तासात ते सर्वांत जास्त असतं, मग दिवसभर उतरत मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. वयानुसार हा चढउतार सपाट होत जातो. सकाळपेक्षा संध्याकाळ-रात्रीची पातळी जास्त बदलते: ती पूर्वीइतकी खाली येत नाही. भांडण दुपारी मिटलेलं असलं तरी रात्री दोन वाजता डोळे टक्क उघडे राहतात, त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

कारण मेंदूत आहे. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसं झालं की हिप्पोकॅम्पस आणि हायपोथॅलॅमस हे मेंदूचे भाग 'आता पुरे' असा निरोप देतात. उतारवयात हा ब्रेक ढिला पडतो. त्यातच कॉर्टिसॉलला काहीसं आवर घालणारं डीएचईए हे हार्मोन विशीनंतर घटत जातं आणि सत्तरी-ऐंशीत तरुणपणाच्या १० ते २० टक्क्यांवर येतं.

कॉर्टिसॉल दीर्घकाळ चढं राहिलं की स्नायू झिजतात, हाडं ठिसूळ होतात, साखर आणि रक्तदाब वाढतो, जखम भरायला वेळ लागतो, स्मरणशक्तीवरही परिणाम होतो. अर्थात प्रत्येकाचं असंच होतं असं नाही, माणसामाणसांत फार फरक असतो.

झोपेची ठरलेली वेळ, सकाळचा उजेड, रोजचं चालणं आणि बोलायला जवळचं माणूस यांचा खरंच उपयोग होतो. 'कॉर्टिसॉल कमी करणाऱ्या' गोळ्या मात्र मनाने घेऊ नका. आणि स्टिरॉइड (कॉर्टिसॉलसारखं काम करणारं औषध) चालू असेल तर ते अचानक बंद करणं जिवावर बेतू शकतं, आधी डॉक्टरांना विचारा.