पैशे खंय जातत?

"मॅडम, पैशे खंय जातत तां माका समजणाच नाय." मालवणातल्या माझ्या समुपदेशनाच्या छोट्या खोलीत हे इतक्या बायकांकडून ऐकलंय, की पुढचं वाक्यही मला पाठ आहे: "माझांच कायतरी चुकता."

त्यातलीच एक. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) नवऱ्याची रिक्षा. घरखर्चाला महिन्याला 15,000, पाच वर्षं तेवढेच. विसाव्या तारखेला पैसे संपले की त्याचा प्रश्न ठरलेला: "आधी पुरायचे, आता का नाही?" हिने वाण्याची वही तांदळाच्या डब्यामागे लपवायला सुरुवात केली होती.

तिसऱ्या भेटीत विचारलं, "काल जेवायला काय होतं?"

"बांगड्याचं तिखलं."

"तू किती बांगडे खाल्लेस?"

ती नुसतीच हसली. शंभराच्या वाट्यात पूर्वी सहा यायचे, आता चार. सासरे, नवरा, दोन मुलं. हिच्या ताटात रस आणि भात.

अशा वेळी खर्चाची डायरी द्यायची पद्धत आहे. मी लगेच देत नाही. जिला आधीच अपराधी वाटतंय, तिच्या हातात ते आरोपपत्रच होतं. मी आधी मनातलं वाक्य शोधते. हिचं होतं: "नीट संसार करणाऱ्या बाईला एवढ्यात पुरलेच पाहिजेत." सगळा छळ त्या 'च'चा.

मग नवऱ्याला बोलावलं. तो हाताची घडी घालून बसला.

"स्टँडवरून बंदरावर पाच वर्षांपूर्वी किती घ्यायचात?"

"तीस."

"आता?"

"पन्नास. पेट्रोल वाढलां, टायर वाढले, इन्शुरन्स..." आणि तो थांबला. बायकोकडे बघितलं. मी एक अक्षर बोलले नाही. इतक्या वर्षांत मी शिकलेली सगळ्यात अवघड गोष्ट तीच.

नंतर कागदावर हिशोब मांडला. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं उद्दिष्ट 4 टक्के, वरची मर्यादा 6. दरवर्षी 6 टक्के धरले, तर 15,000 चं सामान पाच वर्षांत 20,000 च्या घरात जातं. म्हणजे कोणी काही उधळलं नव्हतं.

तुमच्याकडेही हे चालू असेल, तर घरखर्चाची रक्कम वर्षातून दोनदा दोघांनी बसून ठरवा: आगोटीची, म्हणजे पावसाळ्याची, बेगमी भरण्याआधी आणि गणपतीआधी. वहीत किमतीशेजारी वजनही लिहा. पाच रुपयांचा बिस्किटपुडा पाचालाच राहतो, आतली बिस्किटं कमी होतात. आणि जूनजुलैच्या मासेमारी बंदीत ताजे मासे महागणारच, तेव्हा सुक्याची सोय मे महिन्यातच करा. वही मात्र डब्यामागे नको, फळीवर सगळ्यांना दिसेल अशी ठेवा.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. नवऱ्याने 3,000 वाढवलेत.

"पुरतात?"

"नाय हो. पण आता ह्यांका म्हायत आसा."