जड रोटर आणि हँडलची थरथर

प्रश्न : जुन्या बुलेट ३५० ला जड रोटर (वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरचा फिरणारा भाग) बसवला. वर्धा रोडवर वेग घेतला की हँडल थरथरतं. वजन बाधतंय का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : नुसत्या वजनाने असं होत नाही. त्याने आयडलिंग उलट संथ होतं, पिकअप किंचित मंदावतो. घात करतो एकांगी भार. मध्यापासून ३० मिमीवर १० ग्रॅम जादा असले, तरी ५००० आरपीएमला सुमारे ८ किलोची ओढ बसते.

पितळी फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) रोटर आणि स्टेटर (त्याभोवतीचा न फिरणारा भाग) यांच्यामधली फट बघा, क्रँक फिरवत, ०.२० मिमी हवी. स्टेटरच्या एकाच बाजूला कमी राहिली तर स्टेटर सरकलाय. रोटरबरोबर फिरली तर रोटर किंवा शाफ्ट वाकडा. रोटरचा नट किंवा वूडरफ की (रोटर शाफ्टवर पक्का धरणारी अर्धगोल चावी) ढिली असेल तर बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) गेल्यासारखी ठकठक येते. त्यावरून इंजिन उघडू नका.