सहावीला द्रावण शिकवताना: आधी वजनकाटा, मग व्याख्या

तुमची अडचण थोडक्यात अशी: सहावीचा वर्ग, पन्नासेक मुलं, प्रयोगशाळा नावापुरती. मिश्रण आणि द्रावणाच्या व्याख्या मुलं घडाघडा म्हणतात, पण पाण्यातली साखर गेली कुठे असं विचारलं की उत्तर येतं, ‘संपली नं मॅडम.’

माझ्या मते हा पाठांतराचा दोष नाही. जे दिसत नाही ते उरलंच नाही, असं या वयात मनापासून वाटतं. तेवढा एक समज हलला की द्राव्य (जे विरघळतं), द्रावक (ज्यात विरघळतं), द्रावण (दोन्ही मिळून) हे शब्द पाच मिनिटांत जागेवर बसतात. तेव्हा दोन्ही तासांतला बहुतेक वेळ तिथेच घालवा.

पहिल्या तासाला स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा न्या. त्यावर ग्लास आणि चमचा ठेवून काटा शून्यावर आणा, २०० ग्रॅम पाणी ओता आणि शेजारी कागदावर २० ग्रॅम साखर मोजून ठेवा. चमचा आधीपासून काट्यावर असलेला बरा, नाहीतर त्याला चिकटलेल्या थेंबांवरून वाद होतात. आता साखर टाकण्यापूर्वीच प्रत्येकाला वहीत आकडा लिहायला लावा: साखर पूर्ण विरघळल्यावर काटा किती दाखवेल? ही पायरी अजिबात गाळू नका. स्वतःच्या हाताने २०० लिहिलेल्या मुलाला २२० दिसतात, तेव्हा तो खरा विचार करू लागतो. मोजपात्र मिळालं तर पाण्याची पातळीही दाखवा. २० ग्रॅम साखरेने ती साधारण १२ मिलिलिटर वर चढते. साखर आत आहे, आणि तिने जागाही घेतली आहे.

मग ती दिसत का नाही? इथे पोटॅशियम परमँगनेटचा एकच स्फटिक वापरा. चिमट्याने उचला, हाताला डाग पडतात. न ढवळलेल्या पाण्यात सोडला की जांभळी रेघ खाली उतरते, तळाशी पसरते आणि तास संपेपर्यंत रंग वर चढू लागतो. त्यातलं एक माप पाणी घेऊन नऊ मापं साध्या पाण्यात मिसळा, मग त्यातलं एक पुन्हा नऊमध्ये. रंग फिका होत होत शेवटी दिसेनासा होतो. पण नेमका कितव्या ग्लासात स्फटिक ‘संपला’, हे मुलांनाच ठरवू द्या. त्या वादातून कणांची कल्पना मुलं स्वतःच मांडतात, आपल्याला फक्त नाव द्यावं लागतं.

दुसऱ्या तासासाठी आपली काळी माती उत्तम. दोन बाटल्यांत सारखं गढूळ पाणी करा आणि एकीत दोन चमचे मीठ टाका. मिठाच्या बाटलीतला गाळ लवकर बसताना दिसेल. चिकणमातीच्या बारीक कणांवर ऋण प्रभार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात. मिठाच्या आयनांमुळे, म्हणजे पाण्यात सुट्या झालेल्या प्रभारित कणांमुळे, ते लोटणं कमी होतं आणि कण एकत्र येऊन खाली बसतात. सहावीला एवढं खोलात सांगायची गरज नाही, पण एखादी चौकस मुलगी विचारेलच, तेव्हा उत्तर तयार असू द्या. वरचं निवळलेलं पाणी गाळणकागदातून गाळा आणि स्टीलच्या दोन ताटल्यांत दोन-दोन चमचे घेऊन उन्हात ठेवा. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे पावसाळी दिवस असेल तर तवा वापरा. मिठाच्या ताटलीत कडेला पांढरी खपली धरते. दुसरीतही पुसट डाग उरेल, कारण नळाच्या पाण्यातही क्षार असतात. तो डाग लपवू नका, त्यावरच बोला. चव घेऊन ओळखायची सवय मात्र वर्गात नको. पुढे रसायनं हाताळताना ती महागात पडेल.

दूध हा खरा पेच आहे: ते द्रावण की नाही? पाठ्यपुस्तकात कलिल (बारीक कण न विरघळता तरंगत राहिलेलं मिश्रण) पुढच्या इयत्तेत येतो म्हणून कुणी ते टाळतं, पण मुलं विचारणारच. एका ग्लासात मिठाचं पाणी, दुसऱ्यात दोन थेंब दूध घातलेलं पाणी ठेवा. काळ्या कागदाला भोक पाडून मोबाइलच्या टॉर्चचा झोत आरपार सोडा. दुधाच्या ग्लासात झोताची वाट उजळते, मिठाच्या ग्लासात जवळजवळ नाही. सहावीला एवढं पुरे.

तर्रीचं उदाहरणही जरूर घ्या, नागपुरात ते समजावून सांगावं लागत नाही. झाकणाच्या बाटलीत पाणी, थोडं तेल आणि तिखट घालून हलवा. लाल रंग मुख्यतः तेलात उतरतो. मिठाला पाणी मानवतं, मिरचीच्या रंगाला तेल. घन द्रावण सांगायचं असेल तर भंडाऱ्याची पितळी भांडी आहेतच: तांबं या धातूत विरघळलेलं जस्त.

‘गरम केलं की जास्त विरघळतं’ हे वाक्य सरसकट नियम म्हणून देऊ नका. १०० ग्रॅम पाण्यात साधारण तापमानाला सुमारे २०० ग्रॅम साखर मावते, उकळत्या पाण्यात जवळपास ४९०. मीठ मात्र ३६ वरून जेमतेम ३९. वायूंचं तर उलटंच, म्हणून कोमट सोड्यातला फेस भसकन बाहेर येतो. ढवळण्याने आणि कुटण्याने वेग वाढतो, मर्यादा नाही. हा फरक मोठ्या वर्गांतही गोंधळ घालतो.

हे सगळं जीव तोडून सांगण्यामागे कारण आहे. चंद्रपूर, यवतमाळकडे अनेक ठिकाणच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. असं पाणी काचेसारखं नितळ दिसतं. फडक्याने गाळून फ्लोराइड जात नाही, आणि उकळलं तर पाणी उडून त्याचं प्रमाण उलट वाढतं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असलेलं पाणी वर्षानुवर्षं प्यायल्याने दात आणि हाडं बिघडतात. तुमच्या वर्गातल्या काही मुलांचं आजोळ त्याच भागात असेल.

चाचणीत ‘द्रावण म्हणजे काय?’ याऐवजी हा प्रश्न घाला: विहिरीचं पाणी स्वच्छ दिसतं, गाळूनही घेतलं, त्यात काही विरघळलंय का हे तुम्ही घरी कसं तपासाल? ताटलीचं उत्तर आलं तर पूर्ण गुण द्या. ‘पण त्यात नेमकं काय आहे ते यावरून कळणार नाही,’ असंही कुणी लिहिलं, तर ते उत्तर वर्गात मोठ्याने वाचून दाखवा.